एका दिवसात बारा तानपुरे: मायक्रोकंट्रोलरवरच्या संगीत-कार्यशाळेची तयारी

इलेक्ट्रॉनिक संगीताची पहिली सार्वजनिक कार्यशाळा घ्यायची असेल तर बनवायला तानपुरा निवडा. त्याला चार तारा असतात, म्हणजे चार ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेची लहर काढणारे भाग). चाल येण्याची गरज नाही. आणि षड्ज-पंचम बिघडले तर ते आपल्याकडे शेंगदाणे विकणाऱ्यालाही कळतं, त्यामुळे सर्किटातली किंवा प्रोग्रॅममधली निम्मी चूक कानच शोधून देतो. दुपारनंतर त्याच मायक्रोकंट्रोलर बोर्डावर चार बटणं लावून मिडी (वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा) सूर पाठवायचे. एवढं एका दिवसात होतं, मात्र वेळापत्रकात निम्मा वेळ चुका शोधण्यासाठी राखलेला हवा.

सामान

बारा जणांसाठी पंधरा संच घ्या. मदतनीस तीन, प्रत्येकाकडे चार माणसं. एका मदतनिसाकडे सहा जण दिले की दोघं तरी हात वर करून बसून राहतात.

बोर्ड सगळ्यांना एकच द्या: एटीमेगा३२यू४ चिपचा प्रो मायक्रो, ५ व्होल्ट आणि १६ मेगाहर्ट्झचा. ही चिप संगणकाला स्वतःची ओळख थेट मिडी वाद्य म्हणून करून देऊ शकते. ऊनो किंवा नॅनोवरची मुख्य चिप ते करू शकत नाही, कारण तिथे यूएसबीचं काम दुसरी चिप सांभाळते. शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये ऊनो पडून असतील तर सकाळच्या तानपुऱ्याला ते चालतील, दुपारच्या मिडीला नाहीत. प्रो मायक्रो हुबेहूब तसाच दिसणारा ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचाही मिळतो. दोन्ही जाती एका पिशवीत मिसळू देऊ नका: चुकीची जात निवडून प्रोग्रॅम चढवला की संगणकाला बोर्ड दिसायचाच बंद होतो. तसं झालं तर आरएसटी पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवा. साधारण आठ सेकंद बूटलोडर (नवा प्रोग्रॅम स्वीकारणारा भाग) जागा राहतो, तेवढ्यात योग्य जात निवडून पुन्हा चढवा.

पिना आधीच सोल्डर केलेले बोर्ड घ्या, नाहीतर आदल्या दिवशी स्वतः सोल्डर करा. न डकवलेल्या पिना ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीत) नुसत्या खोचल्या तर दिवसभर आवाज येत-जात राहतो. या बोर्डाचं मायक्रो यूएसबीचं तोंड नाजूक असतं, केबल हिसकली की उपटून येतं. त्यावर ग्लू गनचा एक थेंब टाकून ठेवा.

प्रत्येक संचात बोर्डाखेरीज हे असावं: एक ब्रेडबोर्ड, वीस जंपर वायरी, १० किलोओहमचे तीन पॉट (फिरवून रोध बदलायचे), चार पुश बटणं, एक छोटा स्विच, २७० ओहमचा आणि ४७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, १० आणि ४७० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक, पीएएम८४०३ अँप्लिफायरची चिमुकली पट्टी, ८ ओहमचा स्पीकर, एक पिझो बझर आणि डेटा वाहणारी यूएसबी केबल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली. दोन्हीकडे एका फेरीत सगळं मिळतं. केबल मात्र प्रत्येक तपासून घ्या. फक्त चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, दिवा लागतो पण पोर्ट दिसत नाही, आणि बिचारा सहभागी अर्धा तास स्वतःला दोष देत बसतो.

पिझो ‘पॅसिव्ह’ हवा. ५ व्होल्टला लावून पाहा: नुसता टक् वाजला तर बरोबर, सलग किंचाळला तर तो अ‍ॅक्टिव्ह आहे, त्याला कुठलाही सूर द्या, तो आपलाच वाजवणार.

संगणक

हॉलच्या वायफायवर अवलंबून राहू नका. आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवायचं साधन), मोझी लायब्ररी, तिला लागणारी फिक्समॅथ आणि मिडीयूएसबी अशी सगळी फोल्डरं तीन पेनड्राइव्हवर ठेवा. शाळेच्या संगणकांवर इन्स्टॉल करायची परवानगी बहुधा नसते. तिथे आयडीई १.८.१९ ची झिप उलगडा आणि त्या फोल्डरात ‘पोर्टेबल’ नावाचं रिकामं फोल्डर बनवा (अर्थात नाव इंग्रजी अक्षरांत). मग लायब्रऱ्यासुद्धा त्यातच राहतात आणि सगळं पेनड्राइव्हवरून चालतं. लिनक्सवर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात नसेल तर प्रोग्रॅम चढत नाही.

मोझी ही टिम बॅरास यांनी सुरू केलेली ध्वनिनिर्मितीची मुक्त लायब्ररी. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीच्या फाइलचं नाव वेगळं आहे: आधी मोझीगट्स, आता नुसतं मोझी. सगळ्या संगणकांवर एकच आवृत्ती ठेवा, नाहीतर शेजाऱ्याचा चालणारा प्रोग्रॅम आपल्याकडे का अडतो हे कुणालाच कळत नाही.

पहिला तास: एक सूर

दिवा लुकलुकवण्याच्या नेहमीच्या धड्यानं सुरुवात करू नका. प्रो मायक्रोवर १३ नंबरच्या पिनेचा दिवाच नसतो. प्रोग्रॅम नीट चढतो आणि काहीच दिसत नाही. पिझो ८ नंबरच्या पिनेला आणि ग्राउंडला लावा, ‘टोन’ या आज्ञेनं ५५४ हर्ट्झ वाजवा. हा काळी एकचा (हार्मोनियमवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज आहे, पुरुषांच्या मध्य सप्तकापेक्षा दोन सप्तकं वर. खालचा १३९ हर्ट्झ पिझोवर चिरका वाजतो, कारण ती चकती मुळात काही किलोहर्ट्झवर खणखणते.

पोर्टचा घोळ इथेच होतो. प्रोग्रॅम चढताना हा बोर्ड काही क्षण वेगळ्या पोर्टवर जातो. दोन बोर्ड एकाच संगणकाला लावले असतील तर चुकीचा निवडला जाणारच. एका संगणकाला एकच बोर्ड.

सर्किट

९ नंबरच्या पिनेतून मोझीचा आवाज पल्सच्या रूपात बाहेर पडतो. पिनेपासून २७० ओहम. त्याच्या पलीकडच्या टोकापासून ग्राउंडला १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. ही गाळणी साधारण ५.९ किलोहर्ट्झच्या वरचं उतरवते. तिथून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक पिनेच्या बाजूला. मग ४७ किलोओहम, मग व्हॉल्यूमच्या पॉटचं बाहेरचं एक टोक. दुसरं बाहेरचं टोक ग्राउंडला, मधलं अँप्लिफायरच्या इनपुटला. ४७ किलोओहम वगळला तर ५ व्होल्टचा पूर्ण झोका अँप्लिफायरवर आदळतो आणि आवाज फाटतो. तो असला की सुमारे ०.९ व्होल्टच पोचतो.

२७० ओहमचे पट्टे लाल, जांभळा, तपकिरी. तिसरा पिवळा असेल तर तो २७० किलोओहम आहे, आणि आवाज जवळपास नाहीच. ट्यूबलाइटखाली तपकिरी-लाल-नारिंगी ओळखताना डोळे फसतात, मीटरनंच मोजा.

पीएएम८४०३ बाबत एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: स्पीकरची ऋण तार ग्राउंडला लावायची नाही. या अँप्लिफायरची दोन्ही टोकं हलती असतात. एक ग्राउंडला गेलं की पट्टी तापते आणि जाते. याच कारणानं तिला इअरफोनही लावू नका, तिथे डावी-उजवी बाजू एका ग्राउंडला जोडलेली असते. ४७० मायक्रोफॅरड अँप्लिफायरच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये, पट्टीच्या अगदी जवळ बसवा. तो नसेल तर प्रत्येक झंकाराला व्होल्टेज दबतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ऐकणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला.

उरलेल्या दोन पॉटची मधली टोकं ए० आणि ए१ ला, बाहेरची ५ व्होल्ट आणि ग्राउंडला. मधलं टोक चुकून ५ व्होल्टला गेलं आणि पॉट टोकाला फिरवला तर आतली पट्टी जळते. वास आला की आधी केबल काढा, कारण मग शोधा. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची वीजपट्टी मध्यावर तुटलेली असते, तेही आधी बघा.

आवाज येत नसेल तर मल्टिमीटर घेऊन क्रमानं पुढे जा. बोर्डावर ५ व्होल्ट? ९ नंबरवर सुमारे २.५ व्होल्ट? असला तर मोझी चालू आहे. २७० नंतरही २.५? १० मायक्रोफॅरडनंतर शून्य? जिथे आकडा चुकला, तिथे आणि त्याच्या आधीच्या जोडणीत दोष. मदतनिसानं स्वतः वायर हलवू नये, मीटर सहभागीच्या हातात द्यावं.

चार तारा

काळी एक घ्या: जोडीच्या तारा १३८.५९ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा म्हणजे ६९.३०, आणि मंद्र पंचम षड्जाच्या पाऊणपट, १०३.९४. मालकंससारख्या पंचम नसलेल्या रागांसाठी २ नंबरच्या पिनेवरचा स्विच दाबला की पाऊणऐवजी दोन तृतीयांश घ्या: ९२.३९, मंद्र मध्यम. ए० वरचा पॉट बारा पट्ट्यांत विभागून पांढरी एकच्या १३०.८१ पासून काळी पाचच्या २३३.०८ आणि पुढे पांढरी सातपर्यंत नेता येतो. ए१ छेडण्याची गती ठरवतो: एका तारेला ४०० ते १५०० मिलिसेकंद.

वारंवारता पूर्णांकात ठेवू नका, इथे नवशिके हटकून अडकतात. १३८.५९ चं १३८ झालं की षड्ज सुमारे ७ सेंट उतरतो (सेंट म्हणजे हार्मोनियमच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), पण १०३.९४ चं १०३ झालं की पंचम जवळपास १६ सेंट. दोघं वेगवेगळे उतरल्यामुळे पंचम लागतच नाही. मोझीच्या ‘सेटफ्रीक’ला दशांशाची संख्याच द्या. मात्र हे ‘अपडेटकंट्रोल’मध्ये करा. ‘अपडेटऑडिओ’ सेकंदाला १६,३८४ वेळा चालतं आणि १६ मेगाहर्ट्झच्या चिपला दर खेपेला जेमतेम ९७६ टप्पे मिळतात; तिथे दशांशाचे गुणाकार घातले की आवाज तुटू लागतो. ‘डिले’ तर कुठेच नको, त्यानं सगळंच थांबतं. तारा छेडायला मोझीचा ‘इव्हेंटडिले’ आहे.

मिश्रण करताना क्रम सांभाळा. तारेचा नमुना उणे १२८ ते १२७, झंकाराची पातळी ० ते २५५. गुणाकार फार तर ३२,६४०, आणि १६ बिटांत ३२,७६७ मावतं, म्हणजे एक तार कशीबशी बसते. म्हणून आधी प्रत्येकीला २५६ नं भागा, मग चौघींची बेरीज करा. बेरीज आधी केली तर आकडा उलटतो आणि कर्कश कडकडाट होतो. बेरीज दहा बिटांची होते, ‘फ्रॉमएनबिट’ला तेवढीच सांगा. झंकार उतरताना बारीक खर्र ऐकू आली तर अपडेटकंट्रोलचा वेग ६४ वरून २५६ करा.

आता जवारी. साइन लहर वापरली तर छोट्या स्पीकरवर ६९ हर्ट्झचा खर्ज ऐकूच येत नाही. करवतीची लहर घ्या. तिच्यात वरचे सगळे स्वरांश असतात, त्यांवरून कान खालचा स्वर भरून काढतो. घोडीवरच्या जवारीनंही तारेत वरचे स्वरांशच उजळतात. मिश्रणावर एक लोपास फिल्टर (वरचे स्वरांश कापणारी गाळणी) लावा आणि प्रत्येक छेडीला तो उघडून हळूहळू मिटू द्या. चारी तारांना चार फिल्टर लावायचा मोह टाळा, चिपला वेळ पुरत नाही. जोडीची दुसरी तार १३८.८९ वर ठेवा: ०.३ हर्ट्झचा फरक, दर तीन-साडेतीन सेकंदांनी एक संथ लाट. दोन्ही तारा तंतोतंत सारख्या ठेवल्या तर तानपुरा निर्जीव वाटतो.

दुपार: मिडी

मिडी १९८३ पासूनचं आहे आणि त्याची भाषा अजूनही साधी. सूर सुरू करण्यासाठी मिडीयूएसबीला चार आकडे: ९, १४४, सुराचा क्रमांक, जोर. काळी एकला ६१, जोर १००. बंद करण्यासाठी ८, १२८, तोच क्रमांक, ०. त्यानंतर ‘फ्लश’ करायला विसरलात तर संदेश बोर्डातच पडून राहतो. प्रोग्रॅममधला ० म्हणजे वाद्याचा पहिला चॅनेल.

बटणं ३ ते ६ नंबरच्या पिनांना आणि ग्राउंडला, ‘इनपुट पुलअप’ लावून. एका दाबात सूर तीनदा वाजला तर संपर्क थरथरतोय. बदलानंतर २० मिलिसेकंद पुढचे बदल सोडून द्या. सूर अडकून राहिला तर बंदचा संदेश गेलेला नाही. विंडोजवर एक प्रोग्रॅम मिडी पोर्ट धरून बसला की बहुधा दुसऱ्याला ते मिळत नाही, म्हणून आधीचा बंद करूनच दुसरा उघडा. संगणक कमी असतील तर ओटीजी केबलनं अँड्रॉइड फोनवरचं सिंथ अ‍ॅपही चालतं.

मिडीचा गंधार मात्र हार्मोनियमचाच: षड्जापासून ४०० सेंट. तानपुऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार ५/४, म्हणजे ३८६.३. जवळपास १४ सेंटचा हा फरक तानपुऱ्यासमोर लगेच बोचतो. उपाय पिच बेंडचा (सूर थोडा वर-खाली सरकवणाऱ्या संदेशाचा). मध्य ८१९२, पल्ला बहुतेक वाद्यांत दोन्हीकडे २०० सेंट; म्हणजे ५६१ वजा करून ७६३१. हे सात-सात बिटांत पाठवायचं: आधी ७९, मग ५९. बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, तेव्हा गंधार दुसऱ्या चॅनेलवर ठेवा, नाहीतर षड्जही त्याच्याबरोबर खाली घसरतो.

घरगुती विजेचा घुमणारा ५० हर्ट्झ ऐकू आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. जुन्या हॉलमधल्या तीन पिनांच्या सॉकेटला पुष्कळदा अर्थिंगच नसतं.

शेवटी बारा तानपुरे एकत्र लावायचे असतील तर त्यात ऊनो आहेत का ते बघा. प्रो मायक्रोवर क्रिस्टल असतो, एकमेकांत फरक नगण्य. ऊनोच्या मुख्य चिपला सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि तो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो: १३८.५९ वर साधारण ०.७ हर्ट्झ, म्हणजे सेकंद-दीड सेकंदाला एक लाट. त्या ऊनोचा षड्ज फोनवरच्या ट्यूनरनं मोजा, हवा असलेला आकडा मोजलेल्यानं भागा आणि येणाऱ्या गुणकानं प्रोग्रॅममधल्या सगळ्या वारंवारता गुणा. तो गुणक कागदी चिकटपट्टीवर लिहून बोर्डाच्या पाठीला लावून ठेवा.