लोणारचं विवर: एसटीनं जा, पायी फिरा

डोंगर चढताना दम लागला तर अर्ध्यातून मागे वळता येतं आणि परतीची वाट उताराची असते. लोणारचं विवर म्हणजे उल्केच्या आघातानं झालेला, तळाशी सरोवर असलेला खळगा, त्यामुळे तिथे सगळं उलटं आहे. आधी उतार लागतो, तेव्हा पाय ताजे असतात आणि बाटल्या भरलेल्या. चढ येतो तो शेवटी, ऊन डोक्यावर आल्यावर. काठापासून पाण्यापर्यंतची उंची पातळीप्रमाणे सव्वाशे ते दीडशे मीटर. गडकिल्ले करणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण खळग्यात वारा फिरत नाही आणि बसाल्टचा काळा दगड तापला की खालूनही झळ लागते. म्हणून बेत मागून पुढे आखायचा. आधी परतीची गाडी ठरवायची, तिच्यावरून वर चढून येण्याची वेळ आणि त्यावरून खाली उतरायची.

बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचं आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाण्याचा सव्वा किलोमीटरच्या आसपास. २००० साली इथे अभयारण्य जाहीर झालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ती दुसरी. मधे पाणी, भोवती चिखलाचा पट्टा, मग बाभळीची गचपण, त्यावर उतारावरचं शुष्क पानझडी जंगल आणि काठाबाहेर माळ व शेतं, असे एकात एक पट्टे आहेत. तासाभराच्या चालीत हे सगळं पायाखालून जातं.

लोणार तालुक्याचं गाव असलं तरी रेल्वे नाही. मुंबई–नागपूर मार्गावरून येणाऱ्यांनी शेगाव किंवा अकोल्याला उतरावं आणि मेहकर गाठावं. अकोल्याहून मालेगावमार्गे, शेगावहून खामगावमार्गे. मराठवाड्यातून येणाऱ्यांना जालना–मंठा–लोणार हा रस्ता सरळ पडतो. वाशीमकडून रिसोडमार्गे येता येतं. मेहकर ते लोणार पाऊण तासाचा रस्ता आहे. नागपूर–संभाजीनगर जुन्या मार्गावरच्या गाडीत बसला असाल तर मेहकरपर्यंत किंवा मेहकरवरून मागे जायची गरज नाही. सुलतानपूरला उतरा, तिथून लोणार बारा-तेरा किलोमीटर, एसटी किंवा काळी-पिवळी मिळते.

गाडीची पाटी मात्र नीट वाचा. ‘समृद्धी मार्गे’ लिहिलेली गाडी मेहकर गावात किंवा सुलतानपूरला येईलच असं धरू नका. चढण्याआधी वाहकाला विचारा, “सुलतानपूरला थांबते का?” तिकीट काढल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

वेळापत्रकाच्या बाबतीत चार गोष्टी माहीत असाव्यात. मधल्या स्थानकाच्या फलकावर लिहिलेली वेळ अंदाजाची असते, कारण गाडी मागून कुठून तरी येत असते. त्यामुळे लोणारहूनच सुटणारी गाडी धरणं जास्त भरवशाचं. दुसरं, सकाळ-संध्याकाळच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात. रविवारी आणि सुट्टीत त्या गळतात, आणि आपण फिरायला निघतो ते नेमकं रविवारी. तिसरं, आषाढीच्या सुमारास गाड्या पंढरपूरकडे वळवल्या जातात. चौथं, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीची गर्दी असते आणि जालना–मेहकर रस्त्यावर उभं राहायलाही जागा मिळत नाही. पोहोचल्याबरोबर चौकशी खिडकीवर शेवटच्या दोन गाड्या विचारून कागदावर लिहून घ्या. शेवटच्या गाडीवर बेत ठेवू नका, तिच्या आधीचीवर ठेवा. तीही हुकली तर वडापनं (शेअर जीपनं) सुलतानपूर किंवा मेहकर गाठावं. मेहकर स्थानकात लांब पल्ल्याच्या गाड्या लागतात. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा, आणि सुटे पैसे.

एका दिवसात हे उरकता येतं, पण आमचा सल्ला मुक्कामाचा. आदल्या दिवशी दुपारी पोहोचावं, संध्याकाळी काठ फिरावा, रात्री गावात किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासात राहावं आणि उजाडताच विवरात उतरावं. कारण उन्हाचं गणित. उतरायची नेहमीची वाट ईशान्येकडच्या धारेजवळून, म्हणजे गोमुखातून पडणाऱ्या बारमाही पाण्याजवळून आहे आणि किनाऱ्यावरच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंतचा किनारा पूर्वेच्या भिंतीला धरून जातो. सकाळी ही भिंत आपल्या पाठीशी सावली धरते. हिवाळ्यात साधारण नऊपर्यंत तुम्ही सावलीतून चालता आणि समोरच्या पश्चिमेच्या उतारावर कोवळं ऊन पडलेलं असतं, म्हणजे पक्षी बघायलाही उजेड योग्य बाजूचा. दुपारनंतर हेच उलटं होतं. परतीची चढण नैऋत्येच्या उन्हाला तोंड करून असते आणि ती तापते. मेहकरहून दहाला निघून साडेअकराला खाली उतरणारे लोक बघावेत; एक वाजता पायऱ्यांवर तेच बसलेले दिसतात.

मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं, पण शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओला बसाल्ट पाय टिकू देत नाहीत. तेव्हा काठावरूनच बघणं शहाणपणाचं. मार्चनंतर, उजाडता उतरून आठच्या आत वर येणार असाल तरच. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते. दर्शनाला जरूर जा, पक्ष्यांसाठी नको.

सामान फार लागत नाही, पण जे लागतं त्याला पर्याय नाही. माणशी तीन लिटर पाणी: दीड लिटर खाली, एक चढणीसाठी, अर्धा राखीव. खाली पिण्याचं पाणी नाही, दुकान नाही. सरोवराचं पाणी तर पिण्याचा प्रश्नच नाही. धारेचं पाणी बारमाही वाहतं, पण लोक तिथे अंघोळी करतात, तेव्हा बाटली भरायची ती गावातच. नाश्ता बसस्थानकाजवळ पोहे-आलुबोंड्यावर उरकून घ्या आणि सोबत दशमी, गूळ-शेंगदाणे असं कोरडं काही ठेवा. प्लास्टिकची कुरकुरणारी पिशवी हातात दिसली की वानरं जवळ येतात, म्हणून खाणं पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून.

कपड्यांत गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट आणि जाड तळाचे बूट. चप्पल चालणार नाही, कारण बाभळीचा काटा रबरी तळातून आरपार येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाळल्या गवताची कुसळं लोकरी मोज्यात अशी घुसतात की मोजे टाकावे लागतात. पँट मोज्यांत खोचण्याऐवजी बुटांवर सोडा, म्हणजे मोजा उघडा पडणार नाही. वेलीवर लोंबणाऱ्या तपकिरी, मखमली शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली. हात लावू नका. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी चिकटवून लव उपटून काढा, मग पाण्यानं धुवा. चोळल्यानं लव आणखी पसरते.

आता वाट. बसस्थानकावरून दैत्यसूदन मंदिराची दिशा विचारत गावातून निघा. मंदिर वाटेवरच आहे, त्याची बाहेरून तारकेसारखी कोनाकोनाची रचना आणि कोरीव काम बघायला अर्धा तास काढावा, पण तो आदल्या संध्याकाळी. सकाळी थेट धार. गोमुखातून पडणारं पाणी आणि कुंड बाजूला ठेवून खाली जाणाऱ्या पायऱ्या धरा. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायला सांगितली तर करा, आणि खाली कुठपर्यंत वाट चालू आहे हे तिथेच विचारा. हा प्रश्न महत्त्वाचा का, ते पुढे येतं.

पायऱ्या संपल्या की झाडीतली पायवाट सुरू होते. वाटेत जुनी, पडकी हेमाडपंती देवळं लागतात. त्यांच्या सुट्या दगडांवर चढून फोटो काढू नयेत. चिऱ्यांमध्ये चुना नाही, ते नुसते एकमेकांवर बसलेले आहेत. सरोवर उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की कमळजा देवीचं देऊळ येतं. पायऱ्यांच्या तळापासून इथपर्यंत रमतगमत तास-सव्वा तास धरा. मोर भरपूर. पाण्याच्या कडेला शेकाट्या आणि पाणकोंबड्या, हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या. दुर्बीण असेल तर देवळाजवळ बसून पाहा. चालताना पक्षी शोधत राहिलात तर वेळ जातो आणि पाखरंही उडतात.

कमळजेला घड्याळ बघायचं. साडेनऊ वाजून गेले असतील तर आल्या वाटेनं परत. त्याआधी पोहोचला असाल, वाट चालू असल्याचं नाक्यावर कळलेलं असेल आणि सोबत माहितगार असेल, तरच पूर्ण फेरीचा विचार करा. पाण्याभोवतीची फेरी कागदावर चार किलोमीटरची, पण वळसे धरून पाचच्या पुढे जाते, आणि पलीकडच्या बाजूला पायवाट बाभळीत हरवते. सगळ्यांत मोठी अडचण पाण्याची पातळी. पाऊस जास्त झाला, झऱ्यांची आवक वाढली की पाणी चढतं, देवळाच्या आवारापर्यंत येतं आणि किनाऱ्याची वाट बुडते. मागच्या वर्षी कुणी केलेली फेरी यंदा होईलच असं नाही. मोबाइलच्या नकाशावर दिसणारी वाट पाण्याखाली असू शकते.

पाणी मागे सरलेलं असताना दुसराच धोका. किनाऱ्याचा पांढुरका पापुद्रा वाळल्यासारखा दिसतो, खाली काळा गाळ असतो आणि पाय पोटरीपर्यंत जातो. बूट तिथेच राहतो. पापुद्र्यावर जनावरांच्या खुरांचे खोल ठसे दिसले तर पुढे जाऊ नका. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याच गाळात सडणाऱ्या शेवाळामुळे. पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. हे घरगुती रीतीनं बघायचं तर बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घेऊन चिमूटभर हळद टाका, ती लालसर होते. झाकणातलं नंतर किनाऱ्यावर न ओतता कागदात टिपून न्यावं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. आटून खारटपणा वाढल्यावर मीठप्रिय सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा तो रंग. तो दरवर्षी दिसेल या आशेनं उन्हाळ्यात येऊ नका.

बिबट्याचा वावर आहे. सूर्योदयाआधी आणि पाचनंतर विवरात नसावं, एकट्यानं उतरू नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये. कड्याला किंवा झाडाला आग्यामोहोळ लटकलेलं दिसलं तर आवाज न करता लांबून जा. त्या दिवशी अत्तर नको, धूर तर नकोच. खाली मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि परतीची वेळ वर कुणाला तरी सांगून ठेवा.

काठाची फेरी सोपी समजतात, ती तशी नाही. परीघ पावणेसहा किलोमीटरच्या घरात, प्रत्यक्षात सात-आठ किलोमीटर पडतात, कारण काही ठिकाणी शेतं अगदी काठाला भिडलेली आहेत. तूर-हरभऱ्याच्या वावरांभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार ओढलेली असते. दिसली की हात न लावता धुऱ्यानं (बांधावरून) वळसा घाला. तार बंद आहे असं गृहीत धरू नका. काटेरी कुंपण हलवून वाट काढली तर ते जसं होतं तसं परत लावा. संध्याकाळी मावळतीआधी दीड तास हाताशी असेल तर पूर्ण फेरी न करता धारेपासून निरीक्षणाच्या जागेपर्यंतचाच तुकडा करा. उत्तरेला मोठ्या मारुतीचं देऊळ आणि अंबर तळं आहे; तो स्वतंत्र फेरफटका, तासाभराचा.

फलकांवर विवराचं वय वेगवेगळं सापडतं. जुन्या मापनात ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं, नंतरच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे खरोखरच्या मापनांतून आलेले आहेत, फलक रंगवणाऱ्याची चूक नव्हे. उल्का बसाल्टमध्ये आदळल्याचे पुरावे, म्हणजे आघातानं बनलेली मॅस्केलिनाइट काच वगैरे, १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. तसली काच सापडेल म्हणून दगड खिशात घालू नका. अभयारण्यातून दगड, शेंग, पीस काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं.

गुडघे कुरकुरत असतील तर खाली उतरूच नका. उतारावर गुडघे दुखायला लागतात आणि तेच घेऊन चढावं लागतं, मधून उचलून आणायला वाहन पोहोचत नाही. अशांनी बसस्थानकावरून रिक्षा ठरवून काठावरची निरीक्षणाची जागा गाठावी, दुर्बीण न्यावी आणि सोबतच्यांना खाली पाठवून दोन तास तिथे बसावं. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे पैसे निघतानाच ठरवा. काठावरून गावाकडे रिकामी रिक्षा सहसा मिळत नाही.