व्हॉट्सॲप कॉल कॉम्प्युटरवर रेकॉर्ड कसा करायचा, तोही फुकटात

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज जपून ठेवा असं मी सगळ्यांना सांगत असतो. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, आजोबांना 72च्या दुष्काळातलं सगळं आठवतं, पण आपण राहतो दुसऱ्या गावात नाहीतर पार परदेशात, मग बोलणं होतं ते कॉलवरच. तर तो कॉलच नीट रेकॉर्ड करायचा. पण आधी त्यांना विचारा, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर परत एकदा विचारून त्यांचा होकार त्यातच येऊ द्या. घरचीच माणसं आहेत म्हणून हे टाळू नका.

मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या नादी लागू नका. अँड्रॉइड दुसऱ्या ॲपला कॉलमधला आवाज घेऊच देत नाही आणि 2022च्या मे महिन्यापासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डर ॲप्सवरही बंधनं आणलीत. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपचं ॲप टाका किंवा जित्सी मीट हे व्हिडिओ कॉलचं फुकट साधन वापरा, पद्धत एकच.

सॉफ्टवेअर दोन लागतात, रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ आणि नंतर साफसफाईला ऑडॅसिटी. दोन्ही फुकट आहेत, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहेत, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. नुसत्या ऑडॅसिटीवर का नाही भागत, तर ती एका वेळी एकाच डिव्हाइसचा आवाज घेते, म्हणजे एकतर तुमचा माइक नाहीतर समोरच्याचा आवाज.

आता मुख्य गोष्ट, जी बरेच जण करत नाहीत आणि मग पस्तावतात. दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे एकाच फाइलमधल्या आवाजाच्या वेगळ्या थरांवर घ्या. ओव्या चालू असताना मध्येच तुम्ही खोकलात आणि सगळं एकाच ट्रॅकवर असेल तर तो खोकला कायमचा तिथेच राहणार, वेगळे असतील तर तुमचा तेवढा भाग गप्प केला की झालं.

विंडोजवर असं करा. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे मोड ॲडव्हान्स्ड करा, मग रेकॉर्डिंग टॅबमध्ये फॉरमॅट एमकेव्ही (व्हिडिओ फाइलचा एक प्रकार) आणि ऑडिओ ट्रॅक 1, 2, 3 वर टिक. एमकेव्हीच घ्या, कारण मध्येच लाईट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं, साध्या एमपी4मध्ये अख्खी फाइल हातची जाऊ शकते. मग ऑडिओ मिक्सरमधून ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडा, तिथे सगळ्यांना सहाही ट्रॅकवर टिक असते ती काढून डेस्कटॉप ऑडिओला, म्हणजे समोरच्या माणसाला, 1 आणि 2 द्या, माइकला 1 आणि 3. पहिल्या ट्रॅकवर दोघं एकत्र येतात आणि हे मुद्दाम, कारण साध्या प्लेअरमध्ये पहिलाच ट्रॅक वाजतो, तिथे एकच माणूस ऐकू आला की लोक घाबरतात, दुसऱ्याचा आवाज उडाला म्हणून. ओबीएस सोबत व्हिडिओही बनवतंच, तो नकोय आपल्याला, म्हणून व्हिडिओ सेटिंग्जमध्ये रिझोल्युशन कमी करा आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) 10, फाइल लहान होते.

हेडफोन लावा, वायरचाच! स्पीकरवर ऐकलंत तर आजीचा आवाज फिरून तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि ट्रॅक वेगळे करून काही उपयोग राहत नाही, आणि ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की बऱ्याचदा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. आधी एखाद्या भावंडाला कॉल लावून मिनिटभर रेकॉर्ड करून बघा, मिक्सरमधल्या दोन्ही पट्ट्या हलतायत ना, बोलताना पिवळ्यापर्यंत गेल्या तर चालेल, लाल नको.

कॉल झाला की एमकेव्ही ऑडॅसिटीमध्ये उघडा. त्यासाठी एफएफएमपेग नावाची, अशा फाइली वाचणारी लायब्ररी वेगळी टाकावी लागते, मग कुठला ट्रॅक हवा ते ऑडॅसिटी विचारते, 2 आणि 3 घ्या. पंख्याची घरघर असेल तर कुणीच बोलत नाहीये असा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनमध्ये प्रोफाइल (नुसत्या घरघरीचा नमुना) घ्या, मग पूर्ण ट्रॅकवर लावा, पण हलक्या हाताने, जास्त लावलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातला कंप, श्वास, सगळं पुसलं जातं.

घरच्यांना पाठवायला 128 केबीपीएसची एमपी3 पुरते, तासाला साधारण 58 एमबी. मूळ एमकेव्हीला मात्र हात लावू नका, नावात तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव टाका आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक कॉपी तरी दुसऱ्या कुणाच्या घरी.