समोरच्याचं नाव घेऊन गेमिंगची जाहिरात करताय? या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे माझ्या एका मित्राचा गेमिंग झोन आहे, आठ पीएस५ (सोनीची टीव्हीला जोडायची गेमिंग मशीन), दोन स्टीअरिंगवाल्या सीट आणि बाहेर चहावाला. त्याच्या इन्स्टा पोस्ट, फ्लेक्स वगैरे मी बघतो. गेल्या पावसाळ्यात बरोब्बर समोर दुसरा झोन उघडला, तासाला वीस रुपये स्वस्त, आणि आमचं डोकं फिरलं. रात्री दोन वाजता मी फ्लेक्स बनवला, "समोर लॅग, इथे स्वॅग!" (लॅग म्हणजे गेम अडकत अडकत चालणं.) तेव्हा वाटलं होतं, काय भारी लिहिलंय राव.

शनिवारी टूर्नामेंट. सेमीफायनल चालू असताना धो धो पाऊस आला आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर राऊटर आणि दोन टीव्ही चालले, बाकी सगळा अंधार, आणि एंट्री फी भरलेली पोरं बोंबलतायत. थोड्या वेळाने बाहेर येऊन बघतो तर समोरच्याने शटरला वहीचं पान चिकटवलेलं, स्केचपेनने लिहिलेलं, "आमच्याकडे जनरेटर आहे." बाकी एक शब्द नाही. अर्धी गर्दी रस्ता ओलांडून गेली, मागोमाग चहावाला पण गेला (याचं मला जास्त लागलं).

आता गंमत बघा, हेच्या हेच लॉस एंजेलिसमधे ११ मे १९९५ ला झालेलं आहे. ई३ नावाचं गेमिंगवाल्यांचं मोठं प्रदर्शन, त्याचं ते पहिलंच वर्ष. सेगा या गेमिंग मशीनवाल्या कंपनीचं नवं मशीन सॅटर्न २ सप्टेंबरला येणार असं आधी जाहीर केलेलं, सोनीचं पहिलं प्लेस्टेशन पण सप्टेंबरमधेच येणार होतं. सोनीच्या आधी उडी मारायची म्हणून सेगा अमेरिकेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी स्टेजवरून सांगून टाकलं की सॅटर्न आजपासूनच दुकानात, किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचं भाषण झालं, त्यात सोनीचे अमेरिकेतले प्लेस्टेशन-प्रमुख स्टीव्ह रेस स्टेजवर आले, माईकमधे फक्त "२९९" म्हणाले आणि खाली उतरले. हॉलमधे टाळ्यांचा कडकडाट.

पण लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा सोनीने कसं मारलं. मला विचाराल तर सेगाने स्वतःच मारून घेतलं होतं, सोनीने नुसतं बोट दाखवलं. घाईत माल इतका कमी होता की तो चारच दुकान-साखळ्यांना मिळाला, ज्यांना नाही मिळाला ते भडकले, केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणाऱ्या कंपन्या सप्टेंबरचा हिशोब धरून बसलेल्या, त्यामुळे मशीन आलं पण खेळायला हाताच्या बोटावर मोजण्याइतके गेम. म्हणजे पहिली चूक हीच, समोरच्याच्या तारखेवर नजर ठेवून आपली तारीख ठरवणं. आमची टूर्नामेंट पण खरंतर दोन आठवड्यांनी होती, समोरच्याने रविवारची जाहीर केली म्हणून आम्ही शनिवारवर आणली, आणि भाड्याने जनरेटर सांगायचा त्या गडबडीत राहूनच गेलं.

मग काय, नाव घेऊन टोमणा मारायचाच नाही का? तसं नाही. याच सेगाने १९९० च्या सुमारास अमेरिकेत आपल्या जेनेसिस मशीनसाठी "जेनेसिस डझ व्हॉट निन्टेन्डोन्ट" (निन्टेन्डो ही समोरची कंपनी, तिला जे जमत नाही ते जेनेसिस करतं) अशी जाहिरात केली आणि ती चालली, कारण जेनेसिस खरंच १६ बिटचं मशीन होतं आणि निन्टेन्डोचं तेव्हाचं ८ बिट. फरक टीव्हीवर दिसत होता. (आपल्याकडे तेव्हा निन्टेन्डो हे नाव कोणाला माहीत होतं म्हणा, आपण टीव्हीला जोडायच्या क्लोनवर, म्हणजे नकली मशीनवर, "९९९९ इन १" ची कॅसेट फुंकर मारून लावायचो आणि आत गेम निघायचे वीस.) पण अशा तुलनेला एक्सपायरी डेट असते. ऑगस्ट १९९१ मधे निन्टेन्डोचं नवं मशीन सुपर निन्टेन्डो अमेरिकेत आलं, ते पण १६ बिट, झालं, टोमण्यातली हवाच गेली. मग सेगाने किंमत उतरवली, बरोबर सॉनिकचा गेम फुकट दिला, ते जोरात चाललं. नंतर मात्र "ब्लास्ट प्रोसेसिंग" नावाचा शब्द काढला, ऐकायला जबरदस्त, पण त्याने नक्की काय होतं हे गिऱ्हाइकाला कोणी धड सांगू शकत नव्हतं. आपल्याकडचे "प्रो मॅक्स अल्ट्रा गेमिंग एक्सपिरियन्स" वाले फ्लेक्स त्याच जातीचे. त्याच्यापेक्षा "रात्री आठला पण पिंग इतका" (पिंग म्हणजे नेटवरून उत्तर यायला लागणारा वेळ) असं लिहा आणि दारात टीव्हीवर दाखवा.

बाय द वे "समोर लॅग" हे आम्ही मोजलंच नव्हतं. खरी तुलना चालते, पण खोटं बोलून दुसऱ्याचा माल बदनाम केला तर कोर्टात खेचू शकतात, आणि फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, परत केलीत तर ५० लाखांपर्यंत. आठ टीव्हीच्या झोनला हे परवडणारं नाही.

आणि खोटे रिव्ह्यू. चुलतभावांना सांगून समोरच्याला एक-एक स्टार द्यायला लावायचं, हे ठाण्यात काय वाशीत काय, सगळीकडे चालतं. सोनीसारख्या सोनीने २००६ च्या ख्रिसमसला पीएसपी या हातात धरून खेळायच्या मशीनसाठी "आम्ही साधी फॅन पोरं" असा बनावट ब्लॉग काढला होता, लोकांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि जाहीर कबुली द्यावी लागली. तुमचे चुलतभाऊ तर आडनावावरूनच सापडतील. टाकले असतील तर आजच काढा.

चूक होऊन गेली असेल तर? इथे मायक्रोसॉफ्टचं बघण्यासारखं आहे. २०१३ मधे एक्सबॉक्स वन या आपल्या गेमिंग मशीनची घोषणा केली, २४ तासांतून एकदा इंटरनेट लागणारच, वापरलेल्या डिस्कवर अटी, किंमत ४९९ डॉलर. सोनीने एक छोटासा व्हिडिओ टाकला, मित्राला गेम कसा द्यायचा, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपला व्हिडिओ. वर पीएस४ ची किंमत ३९९. मायक्रोसॉफ्टने १९ जूनला, म्हणजे ई३ नंतर आठवड्याभरात, त्या अटी मागे घेतल्या, हे बरोबर केलं. पण सगळ्यांच्या गळ्यात बांधलेला कायनेक्ट (मशीनबरोबर येणारा कॅमेरा) तसाच ठेवला, त्यामुळे किंमत वरच राहिली, आणि कायनेक्टशिवाय ३९९ चं मॉडेल यायला २०१४ चा जून उजाडला. अर्धवट माघार घेतली की शिव्या पण पूर्ण खायच्या आणि गिऱ्हाईक पण जातं.

आम्ही त्याच रात्री सगळ्यांची एंट्री फी परत केली, फायनल पुढच्या रविवारी फुकटात ठेवली आणि इन्स्टावर सरळ लिहिलं की लाईट गेली, जनरेटर नव्हता, चूक आमची. मित्राला अजून खुमखुमी होती, "भावा, त्याच्या जनरेटरच्या आवाजावर एक मीम टाकूया ना." मी म्हटलं आधी तीन नंबरच्या कंट्रोलरचा स्टिक ड्रिफ्ट होतोय, म्हणजे हात न लावता आपोआप सरकतोय, तो बदल, मग बोलू. तासाचा रेट पण दारावर लिहिला, जीएसटी धरून, कारण समोरचा स्वस्त वाटत होता त्यातलं अर्धं कारण ते होतं.

जनरेटर आता भाड्याने घेतलाय, मागच्या गल्लीत असतो. त्याच्यावर पाऊस पडू नये म्हणून तोच फ्लेक्स उलटा करून बांधलाय.