मस्टँग धावपट्टीवर सरळ कसं ठेवलं

डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये टीएफ-५१डी हे मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची एक आवृत्ती, फुकट मिळतं, म्हणून मी त्याच्यापासूनच सुरुवात केली. थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) पुढे सारला की विमान डावीकडे ओढायचं आणि थेट गवतात. जॉयस्टिक ठणठणीत होती. प्रोपेलरचा पीळ आणि त्याने फेकलेल्या हवेचा शेपटीवरचा मारा, हे खरं कारण.

आता रडरचा (शेपटीवरच्या, विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूचा) ट्रिम, म्हणजे कायमचा कल, आधीच उजवीकडे ६ अंश लावतो. स्टिक मागे ओढून धरली की शेपटीचं चाक लॉक राहतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. थ्रॉटल अगदी सावकाश. इंजिनातल्या हवेच्या दाबाचा काटा एकदम ६१ इंचांवर, म्हणजे उड्डाणाच्या पूर्ण जोरावर, न्यायचाच नाही. उजव्या पायाने बारीक बारीक रडर देत राहायचं आणि चांगला वेग आल्यावरच शेपटी उचलू द्यायची. पेडल नसतील तर पिळता येणारी जॉयस्टिक घ्या, कीबोर्डवर हे फार अवघड जातं.