जोडाक्षर आधी कानाने तोडावे

बाराखडी पक्की झालेले पहिली-दुसरीतले मूल 'कळवा', 'ऐरोली', 'घणसोली' हे फलक घडाघडा वाचते आणि 'कल्याण'पाशी अडखळते. ठाणे स्थानकावर नातीबरोबर लोकलची वाट पाहताना मी हे पुष्कळदा अनुभवले आहे: ती आधी 'कलयाण' असे वाचते, क्षणभर थांबते आणि मग ओळखीच्या नावावरून स्वतःच दुरुस्त करते. शब्द आणि त्यातले सगळे आवाज तिला ठाऊक असतात; अर्धे अक्षर म्हणजे ज्यातला 'अ' गळून पडला आहे असे व्यंजन, एवढेच काय ते ठाऊक नसते. म्हणून जोडाक्षरांची सुरुवात पाटीवर न करता कानावर करावी.

पहिले काही दिवस काहीही लिहू नये. 'चप्पल' हा शब्द सावकाश उच्चारून मुलाला टाळीगणिक तोडायला सांगितला, की ते आपोआप 'चप्' आणि 'पल' असे दोन तुकडे करते. "पहिल्या टाळीला ओठ मिटले, तेव्हा कोणता आवाज अडकला?" असे विचारावे, जो आवाज अडकला तेच अर्धे अक्षर. पक्का, बच्चा, सत्तर, बिल्ला असे एकच व्यंजन दोनदा येणारे शब्द आधी घ्यावेत, कारण त्यांत मुलाला एकच आवाज ओळखायचा असतो. नंतर मस्त, पुस्तक, कल्याण.

लेखनासाठी जाड कागदाच्या पट्ट्या पुरतात. 'स' असा लिहावा की त्याचा दंड पट्टीच्या उजव्या कडेला येईल. मग तो दंड मागे दुमडून शेजारी 'त'ची पट्टी सरकवावी. 'स्त' डोळ्यांसमोर तयार होतो आणि अर्धे अक्षर कोठून आले हे समजावून सांगावे लागत नाही. ग, च, त, न, प, म, ल यांचेही तसेच. 'क' आणि 'फ' यांचा दंड मध्ये असल्यामुळे उजवीकडचा वळलेला भाग आखडतो. ट, ठ, ड, द यांना दुमडायला दंडच नाही, म्हणून त्यांचा पाय मोडावा लागतो किंवा पुढचे अक्षर त्यांना खाली चिकटते. 'विठ्ठलवाडी' दोन्ही प्रकारे लिहून दाखवावे, कारण छापील मजकुरात दोन्ही रूपे भेटतात.

खरी कसोटी 'र'ची, आणि तिथे घाई करू नये. ट्रान्स हार्बर मार्गावरचे 'तुर्भे' आणि कळव्यापुढचे 'मुंब्रा' ही दोन नावे शेजारी शेजारी लिहावीत. तुर्भ्यात 'र' आधी उच्चारला जातो, तो अर्धा आहे, पण रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. मुंब्र्यात 'ब' दिसायला पूर्ण पण आवाजाने अर्धा, तर तिरप्या रेघेएवढा उरलेला 'र' मात्र पूर्ण. डोळा आणि कान यांचा क्रम येथे जुळत नाही, त्यामुळे टाळीचा सराव आधी झाला नसेल तर मूल रफार कोठेही ठेवते. 'ट्रक'मधल्या 'ट'खालच्या खुणेला फारसा वेळ लागत नाही. 'पायऱ्या'तला 'र' मात्र वेगळा शिकवावा: 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही, आणि हा फरक मुले नियमाआधी कानाने पकडतात.

'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांना मी जोडाक्षरांच्या रांगेत बसवत नाही. 'तुम्ही', 'उन्हाळा', 'कोल्हा' म्हणताना आधीच्या अक्षरावर आघात येत नाही. चिन्हे दोन असली तरी मराठी कानाला तो एकच आवाज वाटतो, जसा 'भ' किंवा 'ध'. मूल 'तुह्मी' लिहिते तेव्हा रागावू नये. जुन्या मराठी लेखनात 'आह्मी', 'तुह्मी' सर्रास आढळतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' चित्रासारखे सरळ पाठ करून घ्यावेत. 'रिक्षा' हा शब्द तर मुलांना रोज रस्त्यावर दिसतोच.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'नव्वद तीन' अशा पद्धतीने संख्या वाचण्याची सोय केली गेली, तेव्हा जोडाक्षरे मुलांना जड जातात हे एक कारण पुढे आले आणि बराच वाद झाला. अडचण खरी आहे, परंतु मला उपाय क्रमात दिसतो. 'त्र्याण्णव'मध्ये त, र, य एकत्र येतात आणि पुढे 'ण्ण' उभा असतो. असा शब्द पहिल्या महिन्यात मुलापुढे ठेवणे हा आपला दोष, शब्दाचा नव्हे. तो सर्वांत शेवटी घ्यावा.

मूल वाचते आहे की ओळखीवरून अंदाज बांधते आहे, हे स्थानकांच्या फलकांवरून कळत नाही, कारण ती नावे त्याला पाठ असतात. त्यासाठी 'लस्पा', 'गम्ता', 'तिर्को', 'बाद्या' असे अर्थ नसलेले चार-पाच शब्द लिहून द्यावेत. मुले हसतात, पण नीट वाचतात. जो शब्द अडेल त्याची पट्टी लगेच काढू नये. आधी तोच शब्द आपण म्हणून मुलाला टाळी वाजवून तोडायला सांगावा, आणि टाळी बरोबर पडली तरच पट्टीकडे वळावे.