छोट्या भट्टीला कास्टेबलचं अस्तर कसं भरायचं

कास्टेबल म्हणजे पाण्यात कालवून भरायचं, भट्टीची उष्णता सहन करणारं काँक्रीट. आधी ते पीओपी आणि रेतीचं मिश्रण डोक्यातून काढा, व्हिडिओत कितीही भारी दिसू दे. चार वेळा तापवलं की भुगा. साधं सिमेंट पण नको, ४००-५०० डिग्रीला त्यातल्या चुन्यातलं पाणी उडतं आणि मग भट्टी बंद असताना तो चुना आपल्या मुंबईची दमट हवा ओढून फुगतो, अस्तर नखाने निघायला लागतं. हाय अ‍ॅल्युमिना कास्टेबलच घ्या, त्यातलं सिमेंट कॅल्शियम अ‍ॅल्युमिनेटचं असतं.

डबा कापणं, बर्नरचं भोक, मधला साचा, हे तुम्हाला जमेल. सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची चादर) कापणार असाल तर मास्क लावा, ते तंतू फुप्फुसात जातात.

पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. कालवलेल्या कास्टेबलचा गोळा करून थोडा उडवून झेला, पसरला तर पाणी जास्त, फुटला तर कमी. ठोकून ठोकून भरा, वरून ओलं गोणपाट, २४ तासांनी साचा काढा.

आता खरी भानगड. अस्तर दगडासारखं कडक लागतं म्हणून लोक त्याच दिवशी बर्नर फुल्ल करतात, आणि आत अडकलेल्या पाण्याची वाफ १६०० पटीहून जास्त जागा मागते, तिला बाहेर पडायला वाट नसली की ती अस्तराचा तुकडाच उडवते. साकीनाक्याला एका गाळ्यात असा तुकडा उडून समोरच्या पत्र्याला पोचा पडलेला मी पाहिलाय. तेव्हा आधी काही दिवस आत १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवा, पावसाळ्यात जास्तच दिवस, खरं तर जुलैत हे काम काढूच नका. मग बारीक आच. ११० डिग्रीच्या आसपास बराच वेळ थांबा, तोंडावर थंड आरसा धरा, धुकं येतंय तोवर आच वाढवायची नाही. पुढे तासाला ५० डिग्रीपेक्षा जास्त चढवू नका आणि ३००च्या आसपास परत थांबा, कारण सिमेंटमध्ये बांधलेलं पाणी तिथपर्यंत सुटत राहतं आणि ते बल्बने जात नाही. ६००च्या पुढे गेलात की मोठा धोका टळला. हे सगळं अंदाजाने नाही, के टाइप थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) लावून. "आमचा अंदाज बरोबर असतो" म्हणणाऱ्यांच्या भट्ट्या बघा एकदा.

बारीक चिरा येणारच, त्यांच्या मागे लागू नका. नख शिरेल एवढी असेल तरच फायरक्ले मॉर्टर (उष्णता सहन करणाऱ्या मातीचा गारा) भरा. आणि बर्नर बंद केल्यावर झाकण लगेच उघडून पंखा लावायचा नाही, रात्रभर आपोआप निवू द्या.