शीख चित्रांच्या लिलावात बोली लावताय? या चुका टाळा

गुरू नानकांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. पांढरी दाढी, अर्धे मिटलेले डोळे, आशीर्वादासाठी उचललेला उजवा हात. ट्रकच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यामागे, नांदेडला हजूरसाहिबबाहेरच्या दुकानांत, सगळीकडे तेच. ते चित्रकार सरदार सोभासिंग यांचं, नानकांच्या ५०० व्या जयंतीच्या निमित्ताने १९६९ साली काढलेलं. त्याच्या छापील प्रती घराघरांत गेल्या, आणि लिलावात फसवणूक होते तीही अनेकदा याच चित्रावर.

नांदेडच्या माझ्या एका मित्राचा फोन आला, "दादा, सोभासिंगांचं ओरिजिनल मिळालं, निम्म्या भावात!" ऑनलाइन बोली लावून, पैसे भरून मोकळा झाला होता. पार्सल उघडलं तेव्हा मी समोर होतो. कॅनव्हास खरा होता, कोपऱ्यात सही होती, बोट फिरवलं तर रंगाचे उंचवटेही लागत होते. त्याचा चेहरा फुलला होता. मी दहापट भिंग काढून नानकांच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर धरलं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, अगदी वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. कॅनव्हासवर छापलेली प्रत, आणि तिच्यावर ब्रशने फिरवलेलं पारदर्शक जेल. दाढीचे केस खाली वाहत होते आणि उंचवटे मात्र आडवे गेले होते. चित्रकाराचा हात असा उलटा जात नाही. चित्रावर बोली लावण्याआधी एक फोटो मागवला असता तर त्याचे पैसे वाचले असते.

माझी सवय सांगतो. डोळा, दाढीची कड आणि सही यांचे जवळून काढलेले फोटो मागतो, तेही तिरक्या उजेडात. मग पाठीमागची पूर्ण बाजू: लाकडी चौकट, खिळे, जुन्या चिठ्ठ्या, कापडाचा रंग. पाठ दाखवायला टाळाटाळ झाली की मी तो लॉट, म्हणजे लिलावातली ती वस्तू, सोडून देतो, भाव कितीही मोहात पाडणारा असो. आणि ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी कांगड्यातल्या अंद्रेट्याला सोभासिंगांच्या गॅलरीत एक दिवस काढावा. त्यांचा रंग किती पातळ, किती मऊ लागतो हे डोळ्यांत बसलं की मोबाइलवरची नक्कलही खटकायला लागते. लोकांना हा एक दिवस जड जातो, लाखाची बोली मात्र दोन मिनिटांत लावतात.

दुसरी चूक मला जास्त लागते: चित्रात कोण आहे तेच न पाहणं. 'हातावर बाज आहे म्हणजे गुरू गोबिंदसिंग' हा शॉर्टकट सोडून द्या. बाज आणि कलगी सहावे गुरू हरगोबिंद यांच्या चित्रांतही असते. कमरेला मिरी आणि पिरीच्या, म्हणजे ऐहिक आणि आध्यात्मिक सत्तेच्या, दोन तलवारी दिसल्या तर थांबा आणि विचार करा, ते हरगोबिंद असू शकतात. एका हातात खंडा (दुधारी तलवार) आणि दुसऱ्या तळहातावर स्वतःचं शीर घेऊन लढणारे ते बाबा दीपसिंग, १७५७ चे हुतात्मे. ते गुरू नव्हेत. एका कॅटलॉगात मी 'गुरू आणि साधू' एवढंच शीर्षक पाहिलं. चित्रात गुरू गोबिंदसिंगांसमोर बैरागी गुडघे टेकून बसलेला आणि मागे नदी. अहो, तो माधोदास, पुढे शीख सेनानी झालेला बंदासिंग बहादूर! साल १७०८, ती नदी आपली गोदावरी! ज्याने हे लिहिलं त्याला चित्राची किंमत कशी कळणार?

'नानकांचं हुबेहूब रूप' असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला. त्यांच्या हयातीत समोर बसवून काढलेलं चित्र उपलब्ध नाही. सोभासिंगांचं रूपही भक्तीतून आणि कल्पनेतूनच आलंय.

चित्रकार कृपालसिंगांची मोठी युद्धचित्रं अमृतसरच्या केंद्रीय शीख संग्रहालयात आहेत. तसंच चित्र लिलावात आलं तर ते त्यांनीच पुन्हा काढलंय, कच्चा आराखडा आहे की कोणा तिसऱ्याची नक्कल, हे लेखी विचारा.

'यांचं मानलं जातं' आणि 'यांच्या शैलीत' हे शब्द बारीक अक्षरांत असतात. ते मोठ्याने वाचा.

बोलीचा आकडा म्हणजे बिल नव्हे. त्यावर लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो. आधी बेरीज, मग हात वर.

चित्रकार एस. जी. ठाकुरसिंग यांचा जन्म १८९९ चा. त्यांची सुरुवातीची चित्रं आता शंभरी ओलांडतायत. शंभर वर्षं झालेलं चित्र १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाला भेट पाठवायचा विचार असेल तर साल आधी तपासा.

आणि घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसू नका. बटाट्याचा काप, साबण, तेल, काहीच नको. कोरडा मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने. रंगाचा पोपडा सुटलेला दिसला तर तिथे ब्रशही लावू नका, चित्र आडवं ठेवा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा.